इंदू मास्तरणीचा शेवटचा भाग

“शिरेल बघाया आलेल्या माणसाला चार कपबशा विसळाया काय हुतंय म्हणते मी. तीन हप्ते झाले.”

वत्सला हे चुलीला सांगत होती. चूल उलटून बोलत नाही, म्हणून या घरातल्या सुना पहिल्यापासून तिलाच सगळं सांगत आल्या. पण केशरबाई कणगीच्या आडोशाला ज्वारी निवडत बसल्या होत्या, हातभर अंतरावर. त्यांचं सूप थांबलं तशी वत्सला दचकली.

“आत्याबाई, तुमी हितंच हाव व्हय?”

“हितंच हाय. कुठं जाऊ? रानात गवताची काडी न्हाई, गोठ्यात शेपूट न्हाई.”

“मी इंदूताईला न्हाई म्हणले काही.”

“मी कुठं म्हणते तू म्हणलीस?”

बाहेरच्या चुलीपाशी इंदू दुपारची भाकरी थापत होती आणि दोघींनाही ती थाप ऐकू येत होती. थाप, थाप, मग जरा अडखळून, पुन्हा थाप. केशरबाईंनी लेकीला सात वर्षांची असताना काठवटीपुढे बसवलं होतं. तिच्या हाताचा आवाज त्यांना झोपेतही ओळखता आला असता. हा तो आवाज नव्हता. उजव्या हाताची करंगळी पिठाला टेकत नव्हती. आडवी बाहेर राहत होती आणि भाकरीची एक कड जाड येत होती. तीन आठवडे घरातली सगळी माणसं एका कडेने जाड असलेली भाकरी खात होती. चावत होती, गिळत होती, आणि कोणी काही विचारत नव्हतं.

“दारात सापडली,” इंदूने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. कोणी विचारायच्या आधी.

आणि आलीस कशी, तर सासरची टीव्हीची डिश वाऱ्याने पडली, नीट करणारा माणूस येत नाही, शर्वरीचं काय होतंय ते चुकेल, म्हणून आले. बीडहून नेकनूरला उतरून, वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून, मांडीवर पिशवी घेऊन, शिरेल बघायला. हे सगळ्यांनी इतक्या लगेच मान्य केलं की केशरबाईंना तेव्हाच शंका आली होती. खरं असतं तर वत्सलाने दहा प्रश्न विचारले असते.

आता या घराची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटायचं नाही. घरात टीव्ही आल्यापासून इथे कोणी कोणाला समोरासमोर काही सांगत नसे. वत्सलाला माहेरी जायचं असलं की ती म्हणायची, “शर्वरीला बी पंचमीला धाडलं बगा तिच्या सासूनं, एवढी खाष्ट असून.” तिच्या नवऱ्याला, मोहनला, चूल वेगळी हवी होती त्या वर्षी तो महिनाभर शिरेलीतल्या सरपोतदारांच्या धाकट्या मुलाची बाजू घेऊन भांडत होता. आणि केशरबाईंचे मालक सुंदरराव, जे टीव्हीकडे पाठ करून तंबाखू मळत बसत आणि आपण काही बघत नाही असं दाखवत, त्यांना सरपोतदारांची मोठी काकू आवडायची. ती कारस्थानी होती, विषप्रयोगसुद्धा करून झाला होता तिचा. “पण तोंडावर बोलती,” ते म्हणत. “डेअरीच्या निवडणुकीत आपल्याला कुणी तोंडावर पाडलं का? हसून पाडलं.”

सगळं बोलून व्हायचं, आणि कोणीच काही बोललेलं नसायचं. सोय होती.

फोन वाजला. मोहन होता, लिंबागणेशच्या रस्त्याला असलेल्या चारा छावणीवरून. मागे बैल हंबरत होते, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

“माय, निघाले ते. जावईबापू आन् त्यांची आई. मी बी त्यांच्याच जीपमधी येतोय.”

“आज? कावून आज?”

“कावून म्हंजे? न्याया येताहेत. आन् माय…” त्याने आवाज खाली घेतला. “धोंडीराममामा आत्ता छावणीत येऊन गेले. आपल्या दावणीपाशी लई येळ उभं ऱ्हायले. पवळीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणले, जनावरं चांगली ऱ्हायलीत तुमची. बाकी काही बोलले न्हाईत.”

बाकी काही बोलायची गरज नव्हती. छावणी चालवत होती दूध सोसायटी, सोसायटीचे चेअरमन धोंडीराम, आणि धोंडीराम म्हणजे इंदूचे सासरे. दुसरी छावणी पार केजकडे, आणि तिथे म्हणे नवीन जनावर घेत नव्हते. सहा जनावरं होती दावणीला. दोन बैल, तीन गाई, आणि एक कालवड. त्यातली पवळी गाभण, दिवस भरत आलेले. ती उभ्या उन्हात कुठे चालवत नेणार?

केशरबाईंनी फोन खाली ठेवला. वत्सला बघत होती.

“साखर हाय का?” केशरबाईंनी विचारलं.

“हाय. पाणी न्हाई.”

टँकर परवा येऊन गेला होता, आता उद्या येणार. रांजणात तळाला होतं तेवढंच. वत्सलाने जावयाच्या पायांसाठी अर्धी बादली बाजूला काढली. काढताना तिने बादलीकडे असं बघितलं की जणू माहेरचा दागिना काढून देतेय.

इंदूला कोणी सांगितलं नाही. ती भाकऱ्या झाकून आत आली, आईचा चेहरा बघितला, वहिनीची बादली बघितली, आणि म्हणाली, “शर्वरीचा कालचा भाग तीन वाजता दावतेत पुन्ना. लाईट राहील का गं तवर?”

“राहील,” केशरबाई म्हणाल्या.

*

जीप अडीचला आली. आधी मोहन उतरला, मग जानकीबाई, शेवटी जावई पंडित. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहरा हसरा. माणूस दिसायला चांगला होता, तीच तर अडचण होती. लग्नात केशरबाईंच्या सगळ्या जावांनी त्याची दृष्ट काढली होती.

त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून पाय धुतले. अर्धी बादली पुरी ओतली. शेवटचा तांब्या नुसताच पायावरून सोडून दिला, पाणी तापलेल्या अंगणात चर्र करत गेलं, आणि वत्सला ते मुरेपर्यंत बघत उभी राहिली. परवा टँकरच्या गर्दीत याच अर्ध्या बादलीसाठी तिने कोणाचं तरी कोपर बरगडीत खाल्लं होतं.

“बसा इहीनबाई, हितं वाऱ्यात बसा,” केशरबाईंनी जानकीबाईंना पंख्याखाली जागा दिली. जानकीबाई जाड्या, दमेकरी बाई, मनाने वाईट नव्हत्या. बसताच त्यांनी पदराने वारा घेतला आणि टीव्हीकडे बघितलं.

“लावा की. तिनाला हाय न्हवं? आमच्याकडं डिश चालू हाय, पर गडी माणसं बातम्या लावून बसतेत.”

डिश चालू आहे. हे शब्द खोलीभर फिरले आणि कोणीही त्यांना हात लावला नाही. इंदू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पदर हातावर ओढून घेतला. मोहन एकदम म्हणाला, “दुरुस्त झाली असंल,” आणि रिमोट शोधू लागला.

शर्वरी लागली. सरपोतदारांची ही सून गेले दोन आठवडे बापाच्या घरी येऊन राहिली होती, आणि काल तिचा नवरा तिला न्यायला आला होता. योगायोग म्हणावा तर महाराष्ट्रात त्या दिवशी लाखभर घरांत हाच भाग चालला असेल. पण या खोलीत सात माणसं अशी होती की जणू पडद्यावर त्यांचंच बोलणं कोणी लिहून दिलंय आणि आता पाठ म्हणायचंय.

सुरुवात जानकीबाईंनी केली. “मला लई जीव हाय बगा शर्वरीवर. पर हे तिनं बरं न्हाई केलं. बाईनं असं घर सोडून बसू न्हाई. लोक काय म्हणत्यात?”

“गैरसमज झालता त्यांचा,” पंडित म्हणाला. गोड आवाजात. “तिच्या नवऱ्याचं मन साफ हाय. रागात माणूस काय बी करतो. पर दोन तासांत थंड. आता आलाय न्हवं न्याया?”

शिरेलीत गैरसमज असतो. चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती पडते, अर्धं बोलणं कानावर येतं. करंगळीत कसला गैरसमज असणार? केशरबाईंनी हे मनात म्हटलं आणि चहा गाळायला उठल्या. गाळताना थोडा चहा बशीत सांडला.

“तुमाला काय वाटतं, मामा?” पंडितने सुंदररावांना विचारलं. “जावं का न्हाई तिनं?”

सुंदररावांनी तंबाखूवरची बोटं थांबवली. टीव्हीकडे पाठ होतीच. “आमी कुठं बगतो,” ते म्हणाले. मग तंबाखू पुन्हा मळत, “तिच्या बापाचा कारखाना अडकलाय न्हवं सरपोतदारांच्या हातात? मग बाप काय बोलणार. बाप गपच बसणार.”

मोहनने वडिलांकडे बघितलं आणि मान खाली घातली. केशरबाईंना वाटलं, सहाही जनावरं छावणीतून चालत आली आणि या खोलीत माणसांच्या मधे उभी राहिली. पवळी तर अगदी टीव्हीपुढे.

“बापानं बोलू न्हाई, बरूबर हाय,” मोहन म्हणाला. “तिनं समजून घ्यावं. तिच्या एकटीचं हाय का? मागं घर हाय, कारखान्यावर जगणारे किती मुके… किती कामगार हायत.”

“मुके कामगार?” वत्सला म्हणाली.

इतका वेळ ती कोपऱ्यात कपबशा घेऊन उभी होती, रिकाम्या. मोहनने तिच्याकडे डोळे वटारले.

“तुला काय झालं? कालपरवापर्यंत तूच म्हणत हुतीस, शर्वरीनं आता जावं, किती दिस राहायचं.”

“म्हणत हुते. मी तवा तिच्या नवऱ्याला पाय धुताना बघितलं नव्हतं.”

शिरेलीत कोणी पाय धुतले नव्हते. पंडित हसला, पण आधीपेक्षा कमी. जानकीबाई गडबडीने म्हणाल्या, “मी बी आलते बाई एकदा माहेरी. आठ दिस ऱ्हायले. मग गेले. मुकाट गेले. आता बगा, चेअरमनची बायको म्हणून मान हाय का न्हाई? समदं निभतं.” आणि पदर डोळ्यांना लावला. पडद्यावर शर्वरी रडत होती, तेव्हा कोणासाठी रडल्या ते कळायला मार्ग नव्हता.

जाहिरात लागली. साबणाची. कोणीतरी हसरी बाई बादलीच बादली पाणी ओतत होती.

“इंदू,” पंडितने चौकटीकडे न बघता विचारलं, “तू तर शर्वरीसाठीच आलीस हितं. तुला काय वाटतं? काय करावं तिनं?”

सगळ्यांनी साबणाच्या जाहिरातीकडे बघितलं. केशरबाईंनी मात्र लेकीकडे बघितलं, आणि त्या क्षणी त्यांना कळलं की पोरीने आधीच ठरवलंय. तिच्या पायापाशी पिशवी होती. केव्हा भरली होती कोण जाणे. इंदू शांतपणे म्हणाली,

“जाईल की ती. शेवट ठरलेलाच असतो. इंदू मास्तरीण न्हाई का गेली परत? माय लहानपणापासून सांगती मला. मास्तरीण परत गेली, मग नवरा सुधारला, मग समद्याचं चांगलं झालं.” तिने पिशवी उचलली. उजव्या हाताने नाही, डाव्या. “मागल्या दोन टायमाला बी मी हेच ध्यानात आणून गेलते.”

मागल्या दोन टायमाला.

केशरबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

*

ही इंदू मास्तरीण शर्वरीच्या कितीतरी आधीची. सत्याऐंशीच्या दुष्काळातली. तेव्हा सबंध गावात एकच टीव्ही होता, दूध सोसायटीत, लाकडी दारं असलेल्या पेटीत. सेक्रेटरी म्हाळू रविवारी सकाळी दूध मोजून झालं की ती दारं उघडायचा. पुरुष आत सतरंजीवर, बायका बाहेर खिडकीशी, रिकाम्या चरव्या कमरेला लावून. केशरबाई तेव्हा बावीस वर्षांची सून, डोक्यावर पदर, कडेवर मोहन. दर रविवारी खिडकीच्या तिसऱ्या गजापाशी त्यांची जागा ठरलेली.

मास्तरीण सावळी होती, काळी छत्री घेऊन शाळेत जायची, आणि तिचा नवरा तिला मारायचा. दाखवत नसत. दार बंद व्हायचं आणि आतून भांड्याचा आवाज यायचा. खिडकीशी उभ्या बायकांना तेवढा पुरे होता.

शेवटच्या भागाच्या रविवारी मधेच पाण्याचा टँकर आला. बायका चरव्या टाकून घागरींकडे धावल्या, पुरुष रांग लावायला. खिडकीशी एकट्या केशरबाई राहिल्या. का राहिल्या हे त्यांना आजही सांगता आलं नसतं. त्यांनी एकटीने तो शेवट बघितला, म्हाळूसुद्धा नळीला भांडं लावायला गेला होता.

आणि घरी आल्या त्या रिकामी घागर घेऊन. सासरे, आसारामतात्या, ओट्यावर बसले होते. “पानी कुठंय?” मग, “काय बगत हुतीस येवढं? काय दावतेत बायांना तिथं?”

केशरबाईंनी घागरीकडे बघितलं. पुढच्या रविवारी नवीन शिरेल सुरू होणार होती.

“संपली, तात्या,” त्या म्हणाल्या. “ती मास्तरीण परत नवऱ्याकडं गेली. समदं चांगलं झालं.”

“मग बरं दावतेत,” तात्या म्हणाले, आणि खिडकी वाचली.

गावात बायकांनी विचारलं, तेव्हा तेच सांगितलं, कारण तात्यांच्या कानावर दुसरं जायला नको. पुढच्या साली मुलगी झाली, तिचं नाव इंदू ठेवलं. पोर मोठी होऊ लागली, नाव कुठून आलं विचारू लागली, तेव्हाही तोच शेवट. सांगून सांगून तो इतका गुळगुळीत झाला की खुद्द केशरबाईंनाही कधी कधी मास्तरीण घराच्या पायऱ्या चढताना दिसायची.

*

“चला मग,” पंडित उठला. “उशीर होतोय. इंदू, ये.”

“चहा घ्या की आधी,” सुंदरराव म्हणाले. कोणाचंच बूड हललं नाही. जाहिरात संपली होती. शर्वरी दारात उभी होती, तिचा नवरा हात पुढे करत होता आणि मागे सनई वाजायला लागली होती.

“ती परत गेली न्हाई,” केशरबाई म्हणाल्या.

“जातीय की, बगा की,” जानकीबाईंनी डोळे पुसत बोट दाखवलं. “आता हात धरंल.”

“शर्वरी न्हाई. इंदू मास्तरीण. ती परत गेली न्हाई. नवरा येष्टी स्टँडवर आलता, हात जोडले त्यानं. तिनं लोखंडी ट्रंक बसच्या टपावर चढवाया लावली आन् बसली. खिडकीतून मागं बी बघितलं न्हाई. मी एकलीनं बघितलंय.” त्यांनी गाळणी खाली ठेवली. “मी खोटं सांगितलं. तात्यांनी खिडकी बंद केली असती म्हणून. आन् मग सांगतच गेले.”

इंदूच्या हातातली पिशवी खाली आली. “माय?”

“तुला बी खोटंच सांगितलं गं.”

सुंदररावांनी पहिल्यांदा वळून बायकोकडे तोंड केलं. पंडित हसून म्हणाला, “मामी, आवो पंचवीस वर्सांपूर्वीची शिरेल. त्याचं काय येवढं? बगा, इकडं चालू हाय ती बगा.”

सनई जोरात झाली. जानकीबाई मान हलवू लागल्या, मोहन पडद्याकडे वळला, सुंदररावांचा हात पुन्हा तंबाखूकडे गेला. सगळी माणसं आपापल्या जागी शर्वरीच्या आडोशाला परत चालली होती, आणि केशरबाईंचेही डोळे सवयीने तिकडेच गेले. नवरा म्हणत होता, शर्वरी, घर तुझी वाट बघतंय.

टीव्ही बंद झाला.

लाईट गेली नव्हती, पंखा फिरत होता. वत्सलाच्या हातात रिमोट होता. मोहनच्या पाठीमागून उचललेला तो रिमोट तिने चोळीत खोचला, जिथून नवरा चारचौघांत घेऊ शकणार नाही, आणि सासूकडे बघत उभी राहिली. तिला जे चुलीला सांगायचं असे ते ती आज कोणालाच सांगत नव्हती, नुसती वाट बघत होती.

काळ्या काचेत खोलीतली माणसं दिसत होती. लहान, वाकडी, बसलेली.

“वत्सला, लाव ते,” मोहन पुटपुटला. “माय, तू काही बोलू नगंस. माय, पवळीचे दिस भरलेत…”

“ठाव हाय मला,” केशरबाई म्हणाल्या. “मीच तिला खुराक घालून वाढवलीय. जा आत्ताच, आन् सहाच्या सहा सोडून घेऊन ये. चालली तर चालली, न्हाई तर वाटंत लिंबाखाली व्याईल. मी येते तिथं, डोक्यावर पाणी घेऊन.”

मग त्या उठल्या. गुडघे धरून, हळू. चौकटीपाशी गेल्या, लेकीच्या हातावरचा पदर बाजूला केला आणि तो हात तसाच धरून जानकीबाईंपुढे आणला. करंगळी मधल्या सांध्यातून बाहेरच्या बाजूला वळलेली होती. वाईट जुळलेली. पंडित दाराकडे बघत होता.

“इहीनबाई, तुमी बी बाई हाव, बगा नीट. हे दारात सापडलेलं न्हाई,” केशरबाई म्हणाल्या. “हे तुमच्या पंडितनं मोडलंय. तो माझ्या लेकीला मारतो. आमा समद्यांना पहिल्या भाकरीपासून ठाव हाय.”